एक नंबरचा मंगळ

मंगळ हा ग्रह मी एकदा तपासून पास केलेला आहे.

तसा लेखी शेराही माझ्याकडे आहे, कार्बन कॉपीसकट. मी शास्त्रज्ञ वगैरे नाही. डहाणू रोडला स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर माझी चिकूची पॅकिंग शेड आहे. बागेतून आलेला चिकू धुवायचा, आकाराप्रमाणे निवडायचा, डागी माल बाजूला काढायचा आणि उरलेला खोक्यांत भरून रवाना करायचा, हे काम मी तीस वर्षं करतोय. तीस वर्षांत माझ्या नजरेतून एक डाग सुटलेला नाही. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हासुद्धा मी आधी... (हे वाक्य बायकोने पुढे लिहू दिलेलं नाही.)

आता मुद्द्याचं. मी माझ्या साडूवर जळतो. लपवण्यात अर्थ नाही, कारण वरोरपासून झरीपर्यंत सगळ्यांना ते माहीत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या, मालतीच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. नाव विश्वास. तलासरी तालुक्यात, झरीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. सडपातळ, हसतमुख, कधी कुणाला टाकून बोलत नाही. कुठलंही काम सांगा, हजर. (माणूस जरा तरी वाईट असता तर मला जळायला किती सोपं गेलं असतं!)

आम्हा दोघांची सासुरवाडी वरोरला, समुद्राला लागून. सासूबाई सुकी मच्छी विकतात आणि घरातले सगळे निवाडे त्याच करतात. त्या तोंडाने फारसं बोलत नाहीत, निकाल ताटात वाढतात. त्या घरी पापलेटच्या पाच तुकड्या होतात. त्यातली मधली सगळ्यात रुंद आणि ती एकच. ती ज्याच्या ताटात पडेल तो घरातला पहिला मानकरी. लग्न झाल्यापासून मधली तुकडी माझी होती. विश्वास जावई म्हणून आला तरी माझीच राहिली. थोरला जावई मी!

मग २०१७ साली विश्वासला गुरूवर ठिपका सापडला.

त्याने शाळेतल्या पोरांना घेऊन काच घासून घासून सहा इंची आरशाची दुर्बीण तयार केली होती. तिच्यातून गुरू ग्रहाच्या पट्ट्यात त्याला एक पांढरा ठिपका दिसला. आधीच्या महिन्यात तो तिथे नव्हता म्हणे. विश्वासने चित्र काढून हौशी निरीक्षकांच्या कुठल्याशा मंडळाला पाठवलं, तिकडून 'बरोबर आहे' असं उत्तर आलं आणि आठवड्यात पेपरात बातमी: 'झरीच्या शिक्षकाने टिपला गुरूवरचा नवा ठिपका'. फोटोसकट!

पुढच्या रविवारी आम्ही वरोरला जेवायला बसलो. सासूबाईंच्या हातातली मधली तुकडी माझ्या ताटापाशी आली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

"सर, घ्या," सासूबाई म्हणाल्या.

सर! मला त्या वीस वर्षं 'जावईबुवा' म्हणतात आणि हा एका ठिपक्यात सर झाला! माझ्या ताटात शेपटी पडली.

"आई, भाऊजी मोठे ना," विश्वासची बायको शैला हळूच म्हणाली.

"मोठे हायेत, मी कुठं नाय म्हनते?" सासूबाई म्हणाल्या. "पन त्यांना काय सापडलंय गुरूवर?"

मी शेपटी खाल्ली.

ती बातमी सासूबाईंनी प्लॅस्टिकमध्ये घालून देवाच्या फोटोशेजारी लावली. आता सांगायलाच हवं की पेपरात माझंही नाव एकदा आलं होतं. फळांच्या प्रदर्शनात चिकूला तिसरा नंबर. ते कात्रण मी स्वतः वरोरला नेऊन दिलं होतं. चार दिवसांनी आमची शेजारीण बाजारातून सुके बोंबील घेऊन आली. बोंबील माझ्या नावात बांधलेले होते!

मी दुर्बीण घ्यायची ठरवली. मुंबईहून मागवली. कारखान्यातली, कोरी करकरीत, आणि आठ इंची. (त्याची सहा. हे आकडे मी त्या वर्षी भेटेल त्याला सांगितले.) टेम्पोतून ते जाडजूड नळकांडं उतरवलं तेव्हा शेजारचे हसमुखभाई धावत आले.

"रमेशभाई, नवुं गीझर लीधुं?"

"दुर्बीण आहे. आठ इंची."

"अच्छा," ते म्हणाले. "पण पाणी किती लिटर?"

दुर्बीण आली, पण ती लावायची कशी ते एकाच माणसाला माहीत होतं. २०१८ च्या मे महिन्याच्या सुट्टीत विश्वास त्याची दुर्बीण घेऊन वरोरला आला होता आणि सासूबाईंच्या अंगणात गावाला गुरू दाखवत होता. माझी आठ इंची पाहून तो जळेल म्हणून मी फोटो घेऊन गेलो. त्याने फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"वा, दादा! आता आपण दोघं झालो!" तो म्हणाला. (अशा माणसाचं करायचं काय?) "यंदा मंगळ खूप जवळ येतोय. जूनपासून पहाटे बघत जा. त्याच्यावर काळपट डाग असतात, टोकाला पांढरी टोपी. आणि दर वेळी वहीत लिहा. वार, वेळ, काय दिसलं, चित्र. काही वेगळं वाटलं तर मला लगेच फोन करा हं."

"करतो ना," मी म्हणालो. मनात म्हटलं, काही वेगळं सापडलं तर फोन पहिला पेपरवाल्यांना.

वही म्हणून मी शेडमधलं माल तपासणीचं पुस्तक घेतलं. रकाने छापलेले होतेच, खाली कार्बनही होता.

जूनमध्ये पाऊस दोन दिवस हजेरी लावून गेला आणि आमच्याकडे आकाश मोकळं झालं. सोमवारी पहाटे चारला मी गच्चीवर. पहिला अर्धा तास नारळाचं झाड बघण्यात गेला (फार जवळून, फार सुंदर). मग एकदाचा मंगळ सापडला. सापडला आणि मी 'अहाहा' म्हणालो! गोल. भरलेला. तांबूस. एका रंगाचा. आत्ताच धुवून, पुसून ठेवल्यासारखा. डागाचा मागमूस नाही, टोकाला टोपीबिपी काही नाही. असा माल मोसमात एखाद्या वेळी येतो हो! मी तिथल्या तिथे पुस्तक भरलं. नग, एक. आकार, मोठा. रंग, एकसारखा. डाग, नाही. शेरा, एक नंबर, पास. चित्राच्या जागी एक गोल काढला. त्याच्या आत काढण्यासारखं काही नव्हतं.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. बुधवारी मात्र मी दुर्बिणीला डोळा लावून बसलेलो असताना माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. विश्वास म्हणतो डाग असतात. मला एकही दिसत नाही. माझी दुर्बीण कारखान्यातली, त्याची पोरांनी घासलेली. म्हणजे डाग मंगळावर नाहीतच. डाग विश्वासच्या आरशावर आहेत! आणि तो गुरूवरचा पांढरा ठिपका? तोही तिथलाच! एका मळक्या आरशापायी वर्षभर मी शेपटी खातोय!

मी खाली धावलो आणि मालतीला हलवून उठवलं.

"अगं ऊठ, विश्वासचा आरसा डागी आहे!"

"किती वाजले?" मालती म्हणाली.

"साडेचार. अगं, गुरूवर ठिपका नव्हताच!"

"मग ते मंडळ बरोबर आहे म्हणालं ते? पेपरात छापलं ते?"

"पेपरवाले काय चिकू निवडतात?" मी म्हणालो. ती कूस बदलून झोपली.

नशीब माझ्या बाजूने होतं. गुरुवारी खुद्द विश्वासचाच फोन. शाळा सुरू झाली होती आणि त्याची दुर्बीण वरोरलाच राहिली होती. "दादा, तुमचा टेम्पो तिकडून येतो ना? शेडमध्ये आणून ठेवाल का? शनिवारी येऊन नेतो."

"अरे, आणतो की! तुझी वस्तू ती माझी वस्तू!" मी म्हणालो. एवढं गोड मी मालतीशीही बोललेलो नाही.

शुक्रवारी दुर्बीण आली. महिनाभर सुक्या मच्छीच्या संगतीत राहिल्याने नळीला बोंबलांचा वास येत होता. मी तळाचे स्क्रू सोडवून आरसा बाहेर काढला, आणि जे पाहिलं त्याने मला भरून आलं. आरशाच्या बरोब्बर मधोमध काळा डाग! चांगला नखाएवढा! (तो कागदी ठिपका असतो. आरसा सरळ बसवता यावा म्हणून मुद्दाम चिकटवतात. माझ्या आठ इंचीतही आहे. पण हे मला शनिवारी कळलं आणि ही गोष्ट शुक्रवारची आहे.)

पहिला विचार आला की आरसा असाच उचलावा, वरोरला न्यावा आणि सासूबाईंपुढे ठेवावा. पण मग वाटलं, नको. थोरला जावई आहे मी. आपण डाग काढून टाकावा, आरसा चकाचक करून द्यावा आणि पुढच्या जेवणाला चारचौघांत सहज म्हणावं, "विश्वास, तुझ्या आरशावर डाग होता बरं का, मी काढला." मोठेपणाही मिळेल आणि तुकडीही.

"अहो, त्यांना विचारा तरी," मालती म्हणाली.

"डाग काढायला विचारायचं काय? मी चिकूला विचारतो?"

चिकू झाडावरून उतरतो तेव्हा त्याच्या अंगावर भुसकट असतं, ते धुवायला शेडमध्ये टाकी आहे. मी आरसा टाकीत बुडवला. चिकूला नुसतं पाणी पुरतं, पण ही काच होती आणि वासाची होती, म्हणून दोन मुठी धुण्याचा सोडा टाकला. पंधरा मिनिटांनी काथ्या घेऊन बसलो. मधला डाग पहिल्या फटक्यात गेला. हुरूप आला. म्हटलं, हात लागलाच आहे तर सगळाच घासावा. पाणी करडं व्हायला लागलं.

"बघ, बघ, किती मळ निघतोय!" मी मालतीला दाखवलं.

घासघासून हात दुखले तेव्हा मी आरसा पुसला आणि माझा चेहरा बघायला समोर धरला. आरशात मालती दिसली. मला वाटलं, ती माझ्या मागे उभी असेल. वळून पाहिलं तर मागे कोणी नाही. मालती समोर उभी होती, आरशाच्या पलीकडे.

"तुम्ही दिसताय मला," ती म्हणाली. "आरपार."

आरशावरचा मळ म्हणून मी जो काढला होता, तोच आरसा होता. खाली नुसती काच राहिली होती.

शनिवारी विश्वास दुपारी यायचा होता. तो सकाळी अकरालाच मोटरसायकलवरून आला, हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागला.

"दादा, मंगळावर वादळ उठलंय! धुळीचं! अख्खा ग्रह झाकत चाललाय! जगभरचे लोक रोज चित्रं पाठवतायत आणि झरीला आठवडाभर नुसते ढग! आज मी इथेच राहतो, पहाटे तुमच्या गच्चीवरून बघू. कुठाय माझी दुर्बीण?"

मी कोपऱ्याकडे बोट केलं. नळी तिथे होती. काच मी चिकूच्या खोक्यात, गवतात ठेवली होती. त्याने ती उचलली, उजेडात धरली, तिच्यातून माझ्याकडे बघितलं आणि हळूच रिकाम्या क्रेटवर बसला.

"डाग काढत होतो," मी म्हणालो.

तो ओरडला असता तर मी चार शब्द परत बोललो असतो. मी सगळी तयारी केली होती. पण तो ओरडलाच नाही. काचेवरून अंगठा फिरवत बसला.

"तेवीस पोरं होती," तो म्हणाला. "आळीपाळीने घासायची. सव्वा वर्ष लागलं."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. वर्षभराची जळजळ, मधली तुकडी, सर, ते कात्रण, सगळं एकदम फार फालतू वाटायला लागलं. तोंडातून शब्द निघून गेले, "माझी घे. आठ इंची. काचेला मुलामा मी मुंबईहून चढवून आणतो, तोवर माझी घेऊन जा."

त्याने मान वर केली. "खरंच, दादा?" आणि पुढच्या क्षणी, "तुम्ही या आठवड्यात मंगळ पाहिलात का?"

"पाहिला ना. तीनदा. पण वादळबिदळ काही नव्हतं. एकदम साफ होता."

"साफ म्हणजे?"

"साफ म्हणजे साफ. डाग नाही. टोपी नाही. कोरा गोळा."

विश्वास उभा राहिला. "दादा, वादळात धुळीखाली डागच झाकले जातात. वादळ म्हणजे कोरा गोळाच!"

मी तपासणीचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्याने सोमवारचं पान वाचलं, मंगळवारचं वाचलं, बुधवारचं वाचलं. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता रडतोय. पण तो हसत होता! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता!

"एक नंबर! पास! अहो दादा, माझ्या ओळखीत तुमच्याआधी कुणी पाहिलेलं नाही हे! सोमवारीच फोन का नाही केलात?"

जळत होतो म्हणून, असं कसं सांगणार?

"रेंज नव्हती," मी म्हणालो.

"तिन्ही दिवस?" मालती म्हणाली. बायको नेमकी अशाच वेळी तोंड उघडते.

रविवारी पहाटे माझ्या गच्चीवर, माझ्या दुर्बिणीतून, मीच काढून दिलेल्या खुर्चीवर बसून विश्वासने मंगळ पाहिला. मग ओरडला, "काहीच नाही! दादा, काहीच दिसत नाहीये!" काहीच न दिसल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मला तेच काहीच-नाही आधीच तीन दिवस दिसलं होतं. मी त्याला फक्त 'एक नंबर' दिला.

बरं, तो प्रामाणिक. त्याने स्वतःच्या चित्राबरोबर माझ्या तिन्ही पानांचे फोटोही मंडळाला पाठवले, वर 'पहिलं निरीक्षण माझ्या साडूंचं' असं लिहून. मंडळाचं उत्तर आलं. विश्वासचं निरीक्षण उत्तम. माझ्याबद्दल विचारणा होती: 'एक नंबर' ही मोजपट्टी कोणती?

बातमी आलीच. 'झरीच्या शिक्षकाने पाहिले मंगळावरचे वादळ'. फोटोत विश्वास, शेजारी माझी आठ इंची, मागे माझी गच्ची. माझ्याकडून फोटोत फक्त माझी बनियन होती, दोरीवर वाळत घातलेली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'दुर्बीण डहाणूच्या एका चिकूवाल्याने उपलब्ध करून दिली.' एका चिकूवाल्याने! आणि लाज एवढी वाटून गेलेली असतानाही मी पुन्हा जळायला लागलो, अगदी आधीइतकाच. या बाबतीत माझी प्रकृती उत्तम आहे.

विश्वासचा आरसा मी मुलामा चढवून आणला. तोवर झरीच्या पोरांना आठ इंचीची सवय लागली होती. "दोन्ही असू देत," मी म्हणालो. दुर्बीण आजही तिथेच आहे.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि वरोरला मोसमातलं पहिलं पापलेट शिजलं. आम्ही सगळे पंगतीला बसलो. भिंतीवर आता दोन कात्रणं होती. सासूबाईंनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

"जावईबुवा, तुमचीपन बनियन आलीय हां पेपरात."

मग वाढायला आल्या. मधली तुकडी माझ्या ताटापाशी आली, या वेळी थांबलीही नाही. "सर, घ्या." मला शेपटी.

आणि विश्वासने काय करावं? त्याने ती मधली तुकडी उचलली आणि माझ्या ताटात ठेवली. माझी शेपटी स्वतःकडे घेतली. "आई, मंगळावरचं वादळ दादांनी आधी पाहिलं. ही त्यांची."

दीड वर्षाने मधली तुकडी माझ्या ताटात! माझा ऊर भरून आला, पण भरून यायलाही सासूबाईंनी वेळ दिला नाही.

"बगा! केवढ्या मोठ्या मनाचे!" त्या विश्वासकडे बघत म्हणाल्या. "सर, थांबा, तुमच्यासाठी दुसरं पापलेट तळते. अख्खं!"

तव्यावर तेल चुरचुरायला लागलं. मी सवयीने ताटातली तुकडी उलटसुलट करून पाहिली. कुठे डाग नव्हता. विश्वासकडे नीट निरखून पाहिलं. त्याच्यातही सापडला नाही. तीस वर्षं माल तपासतोय, तेव्हा एवढं मला नक्की कळतं: त्या पंगतीत डागी नग एकच होता, आणि तो मधली तुकडी खात होता.